पावणं थुंकत्यात

श्री. उदयसिंह गणपतराव खोराटे, वय वर्षे सदुसष्ट, धंदा सेवानिवृत्त, राहणार अंबाईछाया सहकारी गृहनिर्माण संस्था मर्यादित, रंकाळ्याची मागील बाजू, कोल्हापूर. माजी गटसचिव. सदर संस्थेचे विद्यमान अध्यक्ष आणि, सचिवपद कोणी घेत नसल्याने, प्रभारी सचिव. ओळखीची खूण: सदऱ्याच्या खिशाला दोन पेनं, एक निळं व एक लाल. वर्तणूक चांगली. कोणत्याही सभेत आवाज चढवल्याची नोंद नाही. प्रकृती उत्तम, गुडघे वगळून. सदर इसमाने इमारतीच्या जिन्यात उच्च दृश्यक्षमतेचा निगराणी कॅमेरा बसवून सार्वजनिक आरोग्यात मोलाची भर घातली, असे संस्थेच्या वार्षिक अहवालात नमूद आहे. अहवाल सदर इसमानेच लिहिला आहे.

गटसचिव म्हणजे गावोगावच्या विकास सेवा संस्थांचं दप्तर सांभाळणारा माणूस. पंचांनी भांडायचं आणि गटसचिवानं ते भांडण ‘साधकबाधक चर्चा होऊन’ या तीन शब्दांत बसवायचं, अशी ही चाकरी असते. उदयसिंहांनी ती शाहूवाडी तालुक्यात, मलकापूरच्या आसपास, जन्मभर केली. त्या भागात त्यांच्या इतिवृत्ताला मान होता. एका गावात सभेत खुर्च्या फेकल्या गेल्या, तेव्हा त्यांनी लिहिलं होतं, ‘सभासदांनी आसनव्यवस्थेबाबत तीव्र भावना व्यक्त केल्या.’ ह्यात खोटं काही नाही. खरंही काही नाही. ह्या दोहोंच्या मधे जी अरुंद पट्टी असते तिच्यावरून उदयसिंह निवृत्तीपर्यंत न घसरता चालत आले.

एकुलती मुलगी संयोगिता मलकापुरातच दिली. जावई राजवीर, दूध संस्थेचा संचालक, जेसीबी भाड्यानं देणारा, कायम इस्त्रीच्या पांढऱ्या कपड्यांतला. त्याची कोल्हापुरात सतत कामं असतात, आणि कामं रविवारी नि बुधवारी निघाली तर जेवायला सासऱ्याकडे. कामं नेहमी रविवारी नि बुधवारीच निघतात, कारण त्या दिवशी खोराट्यांच्या घरी मटण असतं.

आता जिन्याबद्दल. कोणी जेवताना वाचत असेल तर त्यानं पुढचा मजकूर हात धुऊन झाल्यावर वाचावा.

पहिल्या आणि दुसऱ्या मजल्याच्या मधे जिना वळतो, तिथं एक कोपरा आहे. त्या कोपऱ्यात कोणीतरी मावा खाऊन थुंकत असे. मावा म्हणजे सुपारी, तंबाखू आणि चुना प्लास्टिकच्या कागदात घालून रगडलेलं मिश्रण. ते गालात धरायचं आणि पाणी सुटलं की टाकायचं. ताजी पिंक तांबडी असते, वाळली की तपकिरी होते. तपकिरीवर पुन्हा तांबडी, तिच्यावर पुन्हा. भिंतीला सुपारीचे बारीक कण चिकटून बसलेले, खरूज फुटल्यासारखे. एक जाड ओघळ पायरीवर उतरून तिथंच थिजला होता. हवेत दमटपणा आला की तो पुन्हा चकाकायला लागे. माशांना तो फार आवडे. वास ओल्या तंबाखूचा, चुन्याचा आणि तोंडाचा. यातला शेवटचा सहन होत नसे. भिंतीला माणसाच्या तोंडाचा वास येतो ही गोष्ट पचत नाही. आम्ही सगळे त्या वळणावर श्वास धरून, पिशव्या छातीशी घेऊन, कठड्याच्या बाजूनं वर जात होतो. लिफ्ट आहे, ती बहुतेक वेळा दुरुस्तीला असते.

सगळीकडे करतात तो उपाय आधी करून झाला. देवांच्या चित्रांच्या फरश्या आणून कोपऱ्यात बसवल्या. अंबाबाई, जोतिबा आणि नृसिंहवाडीचे दत्त, एका ओळीत. पुढच्या रविवारी बघितलं तर दत्ताच्या पायांखाली बोटभर अंतर सोडून नवी पिंक. जोतिबा आणि अंबाबाईच्या मधल्या फटीत आणखी एक. देवांच्या अंगावर शिंतोडासुद्धा नाही. एवढी श्रद्धा आणि एवढा नेम एकाच माणसात असावा याचं आम्हाला कौतुक वाटायला हवं होतं, आम्ही नाकं धरली.

जिना झाडायला बाळाबाई. इमारत झाल्यापासून तीच. फुलेवाडीच्या पलीकडून चालत येते, स्वतःचा झाडू घेऊन येते, आणि तो कोपरा घासताना तोंडानं सतत काहीतरी पुटपुटते, जे ऐकू न आलेलं बरं. तिला मिसरी लावायची सवय आहे. ही सवय तिला भोवली.

तिसऱ्या मजल्यावर भैरवीताई राहतात. त्या महाविद्यालयात पर्यावरण हा विषय शिकवतात. कमिटीच्या बैठकीत त्या म्हणाल्या, “सरळ आहे. ती मिसरी लावते. मी पाहिलंय.”

“मिसरी काळी असतीया ताई,” कोणीतरी म्हणालं. “भित तांबडी हाय.”

“मी रंगाबद्दल बोलत नाहीये. प्रवृत्तीबद्दल बोलतेय.”

उदयसिंहांनी बाळाबाईला बोलावलं. ती मीटरच्या पेटीजवळ येऊन उभी राहिली, झाडू मागं धरून.

“बाळाबाई, खरं सांग. जिन्यात कोण थुंकतंय?”

“मी न्हाय, साहेब.”

“तू न्हाईस. मग कोण?”

बाळाबाईनं पदर तोंडाला लावला. जिन्याकडं बघितलं, मग साहेबांच्या चपलांकडं.

“पावणं थुंकत्यात,” ती म्हणाली.

“कसलं पावणं?”

“पावणं की ओ. वरनं खाली उतरत्यात, त्ये.”

कोल्हापुरात कोणाही परक्या माणसाला पावणं म्हणतात. रस्ता विचारणारा पावणं, बसमध्ये पायावर पाय देणारा पावणं, मार खाणाराही आधी पावणंच असतो. तेव्हा कमिटीनं बाळाबाईच्या म्हणण्याचा अर्थ लगेच लावला: बाहेरचे लोक. पार्सलवाले, सिलिंडरवाले, पत्ता चुकलेले. दारावर पाटी लागली, ‘परक्या इसमांस जिना वापरण्यास सक्त मनाई आहे.’ त्यानंतर गॅसची टाकी ज्यानं त्यानं खालून वर न्यायची, असं झालं. कोपरा तांबडाच राहिला.

भैरवीताईंनी मग विषय लावून धरला. पुढच्या सर्वसाधारण सभेपर्यंत थुंकणारा सापडला नाही, तर बाळाबाईचं काम बंद करायचं आणि सफाई एजन्सीला द्यायची. एजन्सीवाले गणवेश घालतात. बाळाबाईनं हे जिन्यातच ऐकलं. “ह्या वयात मला दुसरा जिना कोण देतंय?” एवढंच ती म्हणाली, ते पायरीला उद्देशून.

उदयसिंहांच्या बाजूनं सांगायचं तर ते म्हणाले, “पुराव्याबिगर कुणाला काढायचं न्हाई. मी अध्यक्ष असंपर्यंत तर न्हाईच.” पुरावा हवा तर कॅमेरा हवा. ठराव झाला, आणि ठरावाची नक्कल पिशवीत घालून उदयसिंह राजारामपुरीतल्या एका दुकानात गेले. काउंटरवर राजवर्धन नावाचा विक्रेता होता. एका कानात फोन, दुसऱ्या कानानं गिऱ्हाईक.

“बोला काका. रिझोल्यूशन किती पाहिजे?”

सहकारात ‘रिझोल्यूशन’ म्हणजे ठराव. दुसरा अर्थ त्या शब्दाला आजवर कोणी दिलेला नव्हता. उदयसिंहांनी नक्कल काढून काउंटरवर ठेवली. “एकच झालंय. सर्वानुमते.”

“एक न्हाय येत आता काका, बंद झालं ते. दोनचं, पाचचं, न्हायतर आठचं.”

“आठ कशाला? एका विषयाला एकच असतंय.”

राजवर्धननं फोनवरच्या माणसाला थांबायला सांगितलं. “काका, जेवढं जास्त रिझोल्यूशन तेवढं सोच्छ दिसतंय.”

“आमच्यात उलटं असतंय,” उदयसिंह म्हणाले. हे ते विनोदानं म्हणाले नव्हते.

दुकानातले सगळे हसले. उदयसिंह कॅमेरा न घेता परत आले आणि मोबाईलवर निगराणीचे व्हिडिओ बघायला बसले. माणूस मुळात अभ्यासू. कायद्याची पोटकलमं पाठ करायची सवय असल्यामुळे लेन्स आणि मेगापिक्सेल त्यांना जड गेले नाहीत. काही दिवसांतच ते पार्किंगमध्ये, स्कूटरला टेकून, येणाऱ्याजाणाऱ्याला धरून समजावून सांगायला लागले.

“लेन्सचा आकडा ल्हान, तेवढी नजर रुंद,” ते म्हणत. “अडीच-पावणेतीनची लावली तर सगळा जिना दिसतोय, पर माणूस मुंगीएवढा. सहाची लावली तर कोपरा तेवढा दिसतोय, पर माणसाच्या भिवया मोजून घ्या.”

“मग बाराचीच घ्या की मोठी,” एक सभासद म्हणाला.

“बाराची लावली तर नुस्तं नाक दिसंल. आपल्याला जिना बघायचा न्हाई आणि नाक बी बघायचं न्हाई. थोबाड बघायचंय.”

मेगापिक्सेलचा हिशेबही त्यांनी तसाच लावला. कमी घेतले तर चित्र पूर्ण दिसतं, पण चेहरा मोठा करायला गेलं की त्याचे चौकोन पडतात, रव्याच्या वडीसारखे. आठ घेतले तर चेहरा कितीही ओढा, चेहराच राहतो. त्यांच्या तोंडून हे ऐकताना माणसाला आदर वाटे आणि मागून कोपऱ्याचा वास येई.

खरी अडचण उजेडाची निघाली. त्या वळणावर भिंतीला सिमेंटची जाळी आहे, तिच्यातून दुपारी उन्हाचा लोट आत येतो आणि कोपरा मात्र अंधारात राहतो. चाचणीला लावलेल्या पहिल्या कॅमेऱ्यात जाळीसमोरून उतरणारा प्रत्येक माणूस नुसती काळी आकृती दिसायचा. भैरवीताईंचे यजमान कचऱ्याची पिशवी घेऊन खाली गेले ते थेट यमदूत दिसले. दुसरा कॅमेरा अंधारातही बघणारा होता. तो उजेड कमी झाला की स्वतःचा न दिसणारा प्रकाश टाकतो आणि रंग सोडून देतो. पडद्यावर सगळं राखाडी झालं, आणि आमचा तो कुप्रसिद्ध कोपरा, जो बघून जेवण जायचं, तो पडद्यावर पांढराफेक दिसायला लागला.

“आयला, तांबड्याचा पांढरा केला की ओ ह्यानं!” खालच्या मजल्यावरचा केरबा ओरडला. पार्किंगमध्ये हशा झाला, मग कोणाच्या घरचा पांढरा रस्सा पातळ होतो यावर चर्चा गेली, मग लोक त्या कोपऱ्यावरून श्वास धरून वर जेवायला गेले. आपल्या लोकांची ही ताकद आहे. घाणीवरून रश्श्यावर यायला आपल्याला मधे थांबावं लागत नाही.

उदयसिंह हसले नाहीत. “रंग न्हाई तर पुरावा न्हाई,” ते म्हणाले, आणि तिसरा कॅमेरा आणला. मागचं ऊन आणि पुढचा अंधार दोन्ही एकाच चित्रात सांभाळणारा, सदैव रंगीत, सहाची लेन्स, आठ मेगापिक्सेल. शिवाय कोपऱ्यावर स्वतंत्र ट्यूब. राजवर्धन स्वतः बसवायला आला होता. शिडीवरून तो म्हणाला, “काका, तिजोरीवर बी लोक एवढा भारी लावत न्हाईत.”

“तिजोरीवर कोण थुंकत न्हाई,” उदयसिंह म्हणाले.

चित्र मोबाईलवर आलं तेव्हा आम्ही सगळ्यांनी वाकून बघितलं आणि सगळे मागे सरलो. फारच स्वच्छ होतं. ओघळाच्या कडेला पडलेली भेग, सुपारीच्या कणाची शीर, माशीचे पाय. घाण इतक्या आदबीनं आजवर कोणी दाखवली नव्हती. बाळाबाईनंही बघितलं. “आता दिसतील,” ती म्हणाली. ‘दिसतील’ हा शब्द तेव्हा कोणाच्या कानाला लागला नाही.

तो रविवार होता. खोराट्यांकडे मटण. राजवीर जेवायला बसला होता, खोराटेकाकू वाढत होत्या. तांबडा झाला, पांढरा झाला, सुकं झालं.

“मामा, क्यामेरा बसवलासा म्हणं?” राजवीरनं विचारलं. सासऱ्याला तो मामा म्हणतो.

“व्हय. जिन्यात थुंकणारा धरायचाय.”

“धरा, धरा. लोकांस्नी अक्कलच न्हाय ओ. असल्यांना फोडून काढलं पाहिजे एकदा. आमच्या संस्थेत बी हेच. सगळी भित रंगवल्याली.” असं म्हणून त्यानं नळी फोडली. “मामी, पांढरा वाढा थोडा.”

जेवण झाल्यावर त्यानं हात पुसले, खिशातली पुडी काढली, बोलता बोलता रगडली, गालात धरली. संयोगिता दोन दिवस माहेरी राहणार होती. “येतो मामा,” म्हणून तो एकटाच निघाला. तोंड भरलेलं असल्यामुळे ते ‘एतो बाबा’ असं ऐकू आलं. लिफ्ट दुरुस्तीला होती. उदयसिंहांनी, नवीन खेळणं म्हणून, मोबाईल उघडला.

राजवीर वळणावर आला. थांबला. त्यानं वर बघितलंच नाही; कॅमेरा वर होता, देव समोर होते. त्यानं जोतिबाला हात जोडले, बोटं कपाळाला आणि छातीला लावली. मग देवाच्या अंगावर उडू नये म्हणून अर्धं पाऊल बाजूला सरकला, मान पुढं काढली, पांढरा सदरा एका हातानं पोटाशी धरला, आणि थुंकला. आरामात, तीन हप्त्यांत. शेवटचा कण जिभेच्या शेंड्यावर आणून फुंकला. आठ मेगापिक्सेलमध्ये ओठाच्या कोपऱ्यातून हनुवटीकडं निघालेली तार दिसत होती. ती त्यानं अंगठ्यानं पुसली आणि अंगठा कठड्याला पुसला. तोच कठडा, ज्याला धरून आम्ही श्वास रोखून वर जात होतो.

कोल्हापुरात परक्याला पावणं म्हणतात, हे वर सांगितलं. जावयालाही पावणंच म्हणतात. आणि जावई एकटा असला तरी तो ‘येत्यात, जेवत्यात, जात्यात’. बाळाबाईनं आदरार्थी बहुवचन वापरलं होतं. कमिटीनं ते साधं बहुवचन धरलं. बाईनं पहिल्याच दिवशी, सगळ्यांसमोर, अध्यक्षांच्या चपलांकडं बघत, संपूर्ण साक्ष दिली होती. व्याकरणाची चूक आमची.

उदयसिंहांनी मोबाईल बायकोपुढं धरला. खोराटेकाकूंनी बघितलं, आणि आधी आतल्या खोलीचं दार ओढून घेतलं. आत संयोगिता होती.

“बोलू नगासा,” त्या म्हणाल्या.

“अगं, त्या बाईचं काम जातंय.”

“जाऊ दे. पोरीला तिथं नांदायचंय.”

आपल्याकडं जावयाला दोनच गोष्टी सांगता येतात: आणखी घ्या, आणि पुन्हा या. तिसरी सांगायला जी छाती लागते ती उदयसिंहांकडं नव्हती, आणि आजवर कधी लागलीही नव्हती. त्यांनी मोबाईलमध्ये बोटं फिरवली. इतका अभ्यास केलेला असल्यामुळे त्यांना नेमकी जागा सापडली. तिथं ‘रिझोल्यूशन’ असा शब्द होता, आणि खाली पर्याय होते. ते एकेक पायरी खाली उतरत सगळ्यात शेवटच्या पर्यायावर थांबले. रविवारचं चित्रण तांत्रिक कारणास्तव नाहीसं झालं.

सर्वसाधारण सभा पार्किंगमध्ये भरली. गणसंख्येअभावी तहकूब झाली आणि अर्ध्या तासानं त्याच ठिकाणी, त्याच माणसांत, पुन्हा भरली. तहकूब सभेला गणसंख्या लागत नाही. उदयसिंहांनी घरातला टीव्ही खाली आणून खुर्चीवर ठेवला होता. बुधवारचं चित्रण लावलं. कोपऱ्यात एक पांढुरका लगदा आला, थांबला, हलला, बाजूला सरकला, गेला. तो गेल्यावर कोपरा थोडा जास्त तांबडा दिसला.

“पार्सलवाला हाय.”

“पार्सलवाल्याच्या पाठीला पिशवी असतीया.”

“ही काय पिशवीच हाय न्हवं?”

“ती पाठ हाय, केरबा.”

“माणूसच हाय का ते तरी बघा आधी. न्हायतर गाढव निघायचं.”

भैरवीताई पुढं झाल्या. “खोराटेसाहेब, आठ मेगापिक्सेल म्हणाला होतात ना?”

“प्रकाशाचा प्रश्न हाय ताई.”

“भर दुपार आहे ही.”

“जास्त प्रकाशाचा बी प्रश्न असतोय.”

शेवटी सगळ्यांचं एकमत झालं की कोणीतरी पावणाच आहे. मीटरच्या पेटीजवळून बाळाबाई म्हणाली, “व्हय. पावणंच हायती.”

केरबानं वळून विचारलं, “तुला वळकू येतंय का बाळाबाई?”

“मला कशाला इचारताय? मी पयल्याच दिशी सांगितलं. साहेबास्नी इचारा. त्यांच्या मोबाइलात बरं दिसतंय.”

सगळे उदयसिंहांकडं वळले. खिशातली दोन पेनं त्यांनी नीट केली. एक नाव घ्यायचं होतं, आणि ते नाव त्यांना पाठ होतं.

“मोबाईलवरही असंच दिसतं,” ते म्हणाले.

उदयसिंह घरात, पार्किंगमध्ये, दुकानात हाय-न्हाय बोलतात. शुद्ध मराठी त्यांची फक्त इतिवृत्तात असते. हे वाक्य ते शुद्ध मराठीत बोलले.

“म्हणजे बाई थुंकत नसेलही,” भैरवीताई म्हणाल्या, “पण कोपरा स्वच्छ राहत नाही, हे तर दिसतंय? तेवढं रिझोल्यूशन आहे ना?” तेवढं होतं.

झालेले ठराव असे. सभासद भगिनींच्या खाजगीपणाचा विचार करता जिन्यातील कॅमेऱ्याचे रिझोल्यूशन, इसम आहे इतके दिसावे व कोणता इसम आहे ते दिसू नये, इतपत ठेवण्यास कार्योत्तर मंजुरी देण्यात येते. तसेच सेविका बाळाबाई यांच्या प्रदीर्घ सेवेबद्दल शाल व श्रीफळ देऊन त्यांचा सत्कार करण्यात यावा व त्यांना सेवेतून मुक्त करण्यात यावे. साधकबाधक चर्चा होऊन दोन्ही ठराव सर्वानुमते मंजूर. सत्कार तिथल्या तिथं झाला, कारण शाल आधीच आणलेली होती. ती उदयसिंहांनी तिच्या खांद्यावर घातली. टाळ्या वाजल्या. टाळ्या वाजवणाऱ्या हातांनी आम्ही मग चहा घेतला, आणि तो चहा चांगला होता, हेही इथं नोंदवून ठेवायला हवं.

बाळाबाईनं शाल घेतली, नारळ घेतला. झाडूही घेतला, तो तिचा होता. गेटाजवळ ती वळली.

“साहेब, क्यामेऱ्याचं डोळं तेवढं तपासून घ्या. आमच्या गल्लीत फुकट शिबिर लागलंय.”

केरबा मोठ्यानं हसला. उदयसिंह टीव्हीची वायर गुंडाळत होते.

एजन्सीची बाई गणवेशात आली. तिनं कोपरा बघितला, नाकाला रुमाल लावला, “ह्ये आमच्यात येत न्हाय,” म्हणाली आणि उरलेला जिना झाडून गेली. त्यानंतर काही दिवसांत एक फरक मात्र पडला. कोपरा स्वच्छ राहायला लागला. देवांच्या फरश्या पुसलेल्या, ओघळ खरवडून काढलेला, कठड्याला फिनेलचा वास. वार्षिक अहवालात ते आलं: ‘निगराणी यंत्रणेमुळे जिन्यातील अस्वच्छतेचे प्रमाण लक्षणीय घटले.’ ते खरं आहे. भैरवीताई वर्गात आता आमच्या इमारतीचं उदाहरण देतात.

जिन्याचं चित्र आता सगळ्या सभासदांच्या मोबाईलवर दिसतं. रविवारी आणि बुधवारी दुपारी राजवीरची गाडी गेटाबाहेर पडली की कोपऱ्यात एक लगदा येतो. त्याच्या हातात बादलीसारखं काहीतरी असतं. तो खाली बसतो, ओणवा होतो, बराच वेळ पुढं-मागं हलतो, आणि निघून जातो. एजन्सीनं माणूस चांगला दिला, असं सगळे म्हणतात. चेहरा ओळखता येत नाही.

ते उदयसिंह खोराटे आहेत. गुडघ्यांखाली ते गोणपाट घेतात.